खाडीत चकती कुठे हरवते

वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची गोल चकती घ्यायची. तिचे चार सारखे भाग पाडून समोरासमोरचे दोन काळे आणि दोन पांढरे रंगवायचे. रंग चकाकणारा नको, मॅट हवा. मधोमध भोक पाडून बोल्ट बसवायचा, खाली किलो-दीड किलोचं वजन अडकवायचं, वर न ताणणारी नायलॉनची गुंफलेली दोरी बांधायची आणि तिच्यावर दर १० सेंटिमीटरला न पुसणारी खूण करायची. सुंभ किंवा सुती दोरी घेऊ नये, ती भिजली की आखडते आणि खुणा खोट्या पडतात. एवढं सामान होडीत टाकून दाभोळच्या, जयगडच्या किंवा भाट्याच्या खाडीत गेलं की पाण्याची पारदर्शकता आकड्यात मांडता येते.

ही सेकी चकती. फादर आंजेलो सेकी हे रोममधले जेसुइट खगोलशास्त्रज्ञ. १८६५ च्या एप्रिलमध्ये पोपच्या आरमारातल्या जहाजावरून, चिव्हितावेक्कियाजवळच्या समुद्रात त्यांनी वेगवेगळ्या आकारांच्या आणि रंगांच्या चकत्या पाण्यात सोडून त्या कुठे दिसेनाशा होतात हे नोंदवलं. आज खुल्या समुद्रात बहुधा ३० सेंटिमीटरची पूर्ण पांढरी चकती वापरतात, तळ्या-खाड्यांत २० सेंटिमीटरची काळी-पांढरी. इतकी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आली तरी ही चकती मागे पडली नाही, कारण आजचा आकडा शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

मोजण्याची वेळ सकाळी १० ते दुपारी २. होडीच्या सावलीच्या बाजूने चकती सोडायची, म्हणजे पाण्यावरची चकाकी डोळ्यात जात नाही. गॉगल घालायचा नाही. चकती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, आणखी हातभर खाली सोडायची आणि सावकाश वर ओढत ती पुन्हा कुठे दिसते ते वाचायचं. दोन्हींची सरासरी म्हणजे सेकी खोली. दोघांनी वेगवेगळं मोजावं, एकाचा आकडा दुसऱ्याला आधी सांगू नये. तळापर्यंत चकती दिसत राहिली तर ‘तळ दिसतो, खोली अमुक’ असंच लिहायचं, तिथे अंदाजाचा आकडा टाकायचा नाही.

चुका कुठे होतात? सगळ्यात मोठी चूक दोरी तिरकी जाण्याची. सुकतीच्या (ओहोटीच्या) ओढीने दोरी ३० अंशांनी कलली, तर एक मीटर दोरी सोडूनही चकती ८७ सेंटिमीटरवरच असते आणि आपण पाणी आहे त्याहून नितळ लिहून बसतो. अशा वेळी वजन वाढवायचं किंवा भरती-सुकतीच्या मधल्या थांबत्या पाण्यात मोजायचं. दुसरी चूक भरतीची वेळ न लिहिण्याची. उधाणाचं (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं) पाणी तळाचा गाळ ढवळून काढतं, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला) तेच पाणी त्या मानाने स्वस्थ असतं. एक आकडा उधाणाच्या सुकतीचा आणि दुसरा भांगाच्या भरतीचा घेऊन ‘खाडी सुधारली’ असं म्हणणारा अहवाल कुणी वाचू नये. तिसरी चूक किरकोळ, पण नेहमीची: पांढऱ्या भागावर शेवाळ आणि चिखल बसू देणं.

आता खरी गंमत. चकती दिसेनाशी होते तिथे अंधार असतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. गढूळ पाण्यासाठी एक सोपं सूत्र वापरतात: १.४४ ला सेकी खोलीने (मीटरमध्ये) भागलं की प्रकाश मीटरमागे किती घटतो त्याचा गुणांक मिळतो. सेकी खोली ०.८ मीटर असेल तर गुणांक १.८. त्यावरून हिशेब केला तर चकती हरवते त्या खोलीवर पृष्ठभागावरच्या उजेडाचा जवळपास चौथा हिस्सा अजून पोचत असतो. एक टक्का उजेड उरतो तो थेट अडीच मीटरवर. म्हणजे चकतीवर उजेड पडतो, ती तो परत पाठवते, पण मधल्या पाण्यातले मातीचे कण स्वतःच इतका उजेड इकडेतिकडे उधळतात की त्या धुरकट पडद्यात काळ्या-पांढऱ्यातला फरक विरून जातो. कशेडीच्या घाटात दाट धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावला की समोरचं आणखीच दिसेनासं होतं, तोच हा प्रकार.

पारदर्शकतेवर जगभर जो अभ्यास चालतो, त्यात चित्रकला आणि वास्तुकला आहे, पदार्थविज्ञान आहे, माहितीचा कायदा आहे, सरकारी कारभार आहे. या चारही घरांत हिंडताना ही एक गोष्ट माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगी पडते: आरपार दिसणं दोन वेगळ्या कारणांनी बंद होतं. एक, प्रकाश शोषला जातो. दोन, प्रकाश विखुरतो. शाईत पहिलं घडतं, दुधात दुसरं. दोन्हींतून पलीकडचं दिसत नाही, पण उपाय अगदी निराळे आहेत, आणि आपण सरकारी दप्तराबद्दल बोलताना सगळ्याला सरसकट शाईच समजतो.

विखुरणं कुठून येतं हे घरी पाहता येतं. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब टाका. तेल मुरलं की तेवढ्याच जागी मागच्या पानावरची अक्षरं दिसू लागतात. कागदातून काहीही काढलेलं नाही, उलट भर घातली आहे. कागदाचे तंतू मुळात पारदर्शकच असतात. त्यांचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा) १.५ च्या थोडा वर, मधल्या पोकळ्यांतल्या हवेचा १. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून तंतूत जाताना प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के परत फिरतो. दहा सीमांनंतर ६६ टक्के पुढे जातो, शंभर सीमांनंतर दोन टक्केसुद्धा नाही. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे तंतूच्या जवळचा. तेल हवेची जागा घेतं आणि सीमेवरचं परत फिरणं ४ टक्क्यांवरून ०.१ टक्क्याच्याही खाली येतं. शंभर सीमांनंतरही ९० टक्क्यांहून जास्त प्रकाश पुढे सरकतो. हा हिशेब ढोबळ आहे, कारण परत फिरलेला प्रकाश पुन्हा उलटतो, तिरपा जातो. पण कारण हेच: कागद अपारदर्शक होतो तो त्याच्या आतल्या असंख्य हद्दींमुळे, आणि हद्दीच्या दोन्ही बाजू एकसारख्या केल्या की तो उघडतो.

कोकणाच्या वाट्याला आलेलं एक मोठं उदाहरण या दोन्ही प्रकारांचं आहे. पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली मार्च २०१० मध्ये नेमली गेली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या खाणी आणि उद्योगांबद्दल या समितीला वेगळं काम नेमून दिलं होतं. अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे गेला आणि तिथेच राहिला. तो मागणारा अर्ज केरळातून आला. अहवाल अजून अंतिम नाही, तो उघड केला तर राज्याच्या आर्थिक हितसंबंधांना बाधा येईल, अशी मंत्रालयाची भूमिका होती. केंद्रीय माहिती आयोगाने ९ एप्रिल २०१२ ला तो उघड करण्याचा आदेश दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, आणि २३ मे २०१२ ला अहवाल संकेतस्थळावर आला. जवळपास नऊ महिने तो शाईच्या बाटलीत होता. त्यावरचा इलाज कायद्याचा होता आणि तो चालला.

पण त्यानंतर काय झालं पाहा. अहवाल इंग्रजीत. संवेदनशील क्षेत्रं ठरवायला वापरलेला चौकोन अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच मिनिटांचा, म्हणजे साधारण ९ किलोमीटर बाय ९ किलोमीटर. एका चौकोनात सुमारे आठ लाख गुंठे बसतात. आणि वाचणारा माणूस कोण? ज्याच्या सातबाऱ्यावर गट नंबर, हिस्सा नंबर, पाच गुंठे पोटखराबा आणि चौदा सहहिस्सेदारांची नावं आहेत असा आंबा बागायतदार. ‘माझ्या कलमांच्या जागेत काय बंद आणि काय चालू’ या त्याच्या प्रश्नाला त्या चौकोनातून उत्तर मिळणं शक्यच नव्हतं. चौकोन शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नव्हता, त्या प्रमाणावरच्या माहितीसाठी तेवढाच चौकोन बरोबर होता. पण अहवाल आणि सातबारा यांच्यामध्ये तेल घालणारं कुणी नव्हतं, आणि त्या पोकळीत अफवा शिरल्या. अहवाल उघड झाला आणि तरीही दिसला नाही.

गावपातळीवर हेच रोज घडतं. समजा, एका वाडीसमोर धूपप्रतिबंधक बंधारा होतोय. ग्रामपंचायतीच्या ठरावात त्याचं नाव ‘खालच्या वाडीचा बंधारा’. पतन (बंदर) अभियंत्याच्या कार्यालयातल्या अंदाजपत्रकात ‘मौजे अमुक येथे धूपप्रतिबंधक बंधारा बांधणे, भाग २, सा. क्र. ०/०० ते ०/१००’. किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या परवानगीत अक्षांश-रेखांश. महसूल खात्याकडे सर्व्हे नंबर. देयकात फक्त करारनामा क्रमांक. एकच काम, पाच नावं. गावकरी ग्रामपंचायतीत जाऊन ‘बंधाऱ्याची माहिती द्या’ म्हणतो, तिथून पंचायत समिती, तिथून बांधकाम विभाग, तिथून पतन विभाग. प्रत्येक दारात माणूस खरंच म्हणतो, ‘या नावाचं काम आमच्याकडे नाही.’ कुणी खोटं बोललेलं नसतं आणि प्रश्न मात्र विरून जातो.

एकक बदललं की आणखी एक हद्द. अंदाजपत्रकात दगडाचं प्रमाण घनमीटरमध्ये असतं, देयकाला जोडलेल्या वजनकाट्याच्या पावत्या टनात. हे ताडून पाहायचं तर मधला दुवा हवा. बंधाऱ्याची लांबी १०० मीटर, आडवा छेद १५ चौरस मीटर, म्हणजे रचलेल्या दगडाचं घनफळ १५०० घनमीटर. पण रचलेल्या दगडांत फटी असतात. फटी ४० टक्के धरल्या तर भरीव दगड ९०० घनमीटर. काळ्या दगडाची घनता घनमीटरला २.७ टन धरली तर २४३० टन, म्हणजे दहा टनी ट्रकच्या २४३ खेपा. फटी ३५ टक्के धरल्या तर तोच बंधारा २६३२ टनांचा. म्हणजे फटींचं प्रमाण कुठे लिहिलेलंच नसेल, तर दोनशे टनांचा फरक कुणीही, कुणाही बाजूने, बरोबर म्हणून दाखवू शकतो. आणि दगड काळा आहे की जांभा, यावर घनता बदलते ती वेगळीच. त्यामुळे मागायचा कागद ‘बंधाऱ्याची सर्व माहिती’ हा नसतो. छेदाचा नकाशा, फटींचं गृहीत प्रमाण, दगडाचा प्रकार आणि वजनाचा गट, एमबीतली (मोजमाप पुस्तकातली) पानं आणि वजनकाट्याच्या पावत्या, हे पाच कागद शेजारी ठेवले की बंधारा आरपार दिसतो. चारच असतील तर नाही.

म्हणून अर्ज करण्याआधी कामाची पाचही नावं गोळा करायची. यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगला आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे तपासणी. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात अभिलेख पाहायला मिळण्याची सोय आहे. वही घेऊन जायचं, नस्ती (फाईल) क्रमांक, करारनामा क्रमांक, एमबी क्रमांक आणि पानं टिपून आणायची. मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, त्यामुळे क्रमांक हाताशी असणं फार उपयोगी पडतं. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. ए-फोर पानाच्या प्रतीला २ रुपये.

अर्जात ‘का’ विचारू नये. ‘बंधारा अपुरा का सोडला’ याचं उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही, कारण कायद्यातली माहिती म्हणजे अभिलेखात असलेली माहिती. ‘बंधाऱ्याचं काम थांबवण्यासंबंधीच्या टिप्पणीच्या प्रती द्या’ असं लिहिलं की तोच प्रश्न कायद्याच्या भाषेत येतो. कलम २(जे) मध्ये प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. काँक्रीटचा, दगडाचा, रेतीचा नमुना मागता येतो.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. हे कलम म्हणजे कायद्यातलं खोबरेल तेल. ‘आमच्याकडे नाही’ एवढं सांगून अर्ज परत करता येत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत टळली तर माहिती विनामूल्य. नाही मिळाली, अर्धवट मिळाली, तर ३० दिवसांत पहिलं अपील, महाराष्ट्रात त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आपल्या कोकणातल्या जिल्ह्यांसाठी ते कोकण खंडपीठाकडे जातं. अधिकाऱ्याला दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार. मुदत मोजताना एक बारकावा लक्षात ठेवावा: शुल्क भरा असं पत्र निघाल्यापासून आपण ते भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत. पत्र मिळूनही पंधरा दिवस घरी ठेवलं तर उशीर आपला.

आणि चार हजार पानं एकदम हातात आली, तर? तो विजय नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ मध्येच हा इशारा दिला होता, की माहितीचा पूर वाढल्याने विश्वास आपोआप वाढत नाही. धुक्यातला मोठा दिवा तो हाच.

इथपर्यंत जे लिहिलं त्यावरून सगळं काचेसारखं लख्ख करावं असा अर्थ निघू नये. गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण कोकणातल्या काही जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं दिसतात. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चौकोनी कापलेले पातळ शिंपले सरकवलेले असतात. खिडकी बंद केली तरी खोलीत मऊ उजेड येतो, ऊन टोचत नाही आणि रस्त्यावरून आतलं माणूस दिसत नाही. प्लॅक्युना प्लासेंटा हे त्या जिवाचं शास्त्रीय नाव. २०१४ मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी या शिंपल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजनाने ९९ टक्के कॅल्साइट असलेला हा शिंपला दृश्य प्रकाशाचा सुमारे ८० टक्के भाग पलीकडे जाऊ देतो, आणि टोचलं तर तडा सगळीकडे न पसरता तेवढ्याच जागी थांबतो. आज हा जीव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, त्यामुळे जुनी तावदानं फुटली तर नवे शिंपले काढायचे नाहीत, जुन्या घरांच्या मोडतोडीतून निघालेलेच जपून वापरायचे.

कायद्यालाही अशा तावदानाची गरज असते. घरकुल योजनेच्या लाभार्थ्यांची यादी, मंजूर रक्कम, हप्ते, मोजमाप हे गावाला दिसलं पाहिजे. त्याच यादीतला बँक खाते क्रमांक, आधार क्रमांक, आजारपणाचा दाखला दिसता कामा नये. माहिती अधिकार कायद्यात यासाठी कलम १० आहे: गोपनीय भाग झाकून उरलेला कागद द्यायचा. झाकणं म्हणजे नाकारणं नव्हे, आणि ‘काही भाग खाजगी आहे’ म्हणून अख्खा कागद अडवणारं उत्तर अपिलात टिकायला नको. व्यक्तिगत माहितीच्या कलम ८(१)(जे) मध्ये आधी सार्वजनिक कामाशी संबंध आणि जनहित यांची कसोटी तिथल्या तिथे लिहिलेली होती. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ ने ती काढून टाकली, आणि आता भिस्त कलम ८(२) मधल्या जनहिताच्या सर्वसाधारण तरतुदीवर आहे. माझ्या मते शिंपल्याचं तावदान काढून तिथे फळी ठोकली गेली. अशा विषयावरच्या अर्जात आता जनहित नेमकं कोणतं हे दोन ओळींत लिहून ८(२) चा उल्लेख स्वतःहून करावा.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पडदा, दिवा आणि बाहुली यांचं गणित असंच काटेकोर असतं. दिव्याची ज्योत २ सेंटिमीटर रुंद, ज्योतीपासून बाहुली ६० सेंटिमीटरवर आणि बाहुली पडद्यापासून ३ सेंटिमीटरवर असेल तर सावलीची कड एक मिलिमीटरभर धूसर होते. दिवा तिथेच ठेवून बाहुली पडद्यापासून १५ सेंटिमीटरवर आली की सहा मिलिमीटर, आणि कोरलेले दागिने पुसून जातात. कातडं तेच, दिवा तोच. माहितीच्या बाबतीत ते अंतर काळाचं असतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(सी) सांगतं की लोकांवर परिणाम करणारं धोरण आखतानाच संबंधित तथ्यं प्रसिद्ध करावीत. कार्यारंभ आदेश निघाल्यावर मिळालेल्या कागदात कडा उरलेल्या नसतात.

काच आणि कारभार यांची सांगड वास्तुकारांनी शब्दशः घातली आहे. बर्लिनच्या संसदेवर नॉर्मन फॉस्टर यांनी १९९९ मध्ये उभा केलेला काचेचा घुमट लोकांना सभागृहाच्या डोक्यावरून फिरू देतो. वरून खासदार दिसतात, कोणत्या विधेयकातलं कोणतं कलम बदललं ते दिसत नाही. घुमट सुंदर आहे, पण मला त्यापेक्षा मिरकरवाड्यासारख्या बंदरावर मासेमारीची सूचना लावणाऱ्या एका साध्या तक्त्याचं मोल जास्त वाटतं.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांसाठी संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना काढते. मूळ माहिती उपग्रहाची: समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य. तीच तशीच दिली असती तर नकाशावर निळे-हिरवे डाग दिसले असते आणि तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) तो कागद बाजूला ठेवला असता. सूचनेत काय असतं? अमुक बंदरापासून किंवा दीपस्तंभापासून दिशा, किती ते किती किलोमीटर, किती ते किती मीटर खोल पाणी, आणि अक्षांश-रेखांश. मराठीतही. होडी सोडण्याआधी तांडेल डोक्यात जे हिशेब करतो, त्याच एककांत. आर्चन फंग, मेरी ग्रॅहम आणि डेव्हिड वाइल यांनी २००७ मध्ये उघड माहितीच्या अनेक योजना तपासून हेच मांडलं, की माहिती वापरणाऱ्याच्या रोजच्या निर्णयाच्या साखळीत बसली तरच तिचा परिणाम होतो.

या क्षेत्रातल्या अभ्यासाची स्वतःची पारदर्शकताही तपासली गेली आहे, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. लॉस एंजेलिस परगण्यात १९९८ पासून उपाहारगृहांच्या दारावर स्वच्छतेची श्रेणी लावायला सुरुवात झाली. जिन आणि लेस्ली यांच्या २००३ च्या अभ्यासात निघालं, की त्यामुळे अन्नातून होणाऱ्या आजारांनी रुग्णालयात दाखल होणारे लोक कमी झाले. पारदर्शकतेच्या बाजूने हे उदाहरण वर्षानुवर्षं दिलं गेलं. २०१९ मध्ये डॅनियल हो आणि सहकाऱ्यांनी जास्त माहिती घेऊन हिशेब पुन्हा केला, तर परिणाम उरलाच नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात आधीच्या वर्षांत साल्मोनेलाची मोठी साथ येऊन ओसरली होती आणि ती घट श्रेणीच्या खात्यावर पडली होती. उधाण ओसरताना मोजलं आणि खाडी सुधारली म्हटलं, तशीच ही चूक.

किनाऱ्यावरच्या प्रकल्पांच्या जनसुनावणीत हे सगळं एकत्र येतं. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, गणपूर्तीची अट नसते आणि चित्रीकरण करावं लागतं. मराठीत मिळतो तो फक्त सारांश. मूळ अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि स्थानिक संस्थेत पाहायला ठेवलेला. तीस दिवसांत तो सगळा वाचायचा प्रयत्न करू नये. मासेमारीच्या गावाने आधी पाण्याच्या परीक्षणाचा तक्ता काढावा, बहुधा तो पायाभूत माहितीच्या प्रकरणात असतो. नमुना केंद्रं कोणती, त्यांचे अक्षांश-रेखांश आपल्या खाडीत नेमके कुठे पडतात, नमुने कोणत्या महिन्यातले, पावसाळ्याचे आहेत का, गढूळपणा पृष्ठभागाचा की तळाचा, हे एका कागदावर मराठीत उतरवावं. मग त्याच ठिकाणी, उधाणाला आणि भांगाला, भरतीत आणि सुकतीत, आपली चकती सोडून चार-चार नोंदी घ्याव्यात. खर्च दोरी, पत्रा आणि होडीच्या डिझेलचा.

मग तक्त्यात नमुना घेतल्याची वेळ आणि भरतीची स्थिती लिहिली आहे का ते पाहावं. नसेल तर सुनावणीत पहिला प्रश्न तोच विचारावा. सुनावणी संपताना उपस्थित मुद्द्यांचं निवेदन तिथल्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोपर्यंत बसून राहावं, आणि प्रश्न ‘पाण्याबाबत चिंता व्यक्त केली’ असा उतरला असेल तर तिथेच उठून तो केंद्र क्रमांक, तारीख आणि भरतीच्या वेळेसकट दुरुस्त करून घ्यावा.